नौका शाकारणी

नौका शाकारणी म्हणजे पावसाळ्यापूर्वी मासेमारी नौका किनाऱ्यावर ओढून, आच्छादून सुरक्षित ठेवण्याची कोकण किनाऱ्यावरील पद्धत होय. ‘शाकारणे’ हे क्रियापद मूलतः घराच्या छपराच्या डागडुजीसाठी वापरले जाते.

काळ

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या काळात समुद्र खवळलेला असतो, तसेच हा अनेक माशांचा प्रजननकाळ असतो. वादळे मात्र बंदीची वाट पाहत नाहीत. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ च्या मध्यास कोकणाजवळून गेले, तर निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकले. त्यामुळे हे काम मे महिन्यातच हाती घेतले जाते.

पद्धत

अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत नौका शक्य तितकी वर आणतात. पुढे ती ओंडक्यांवरून माणसांच्या बळावर किंवा यंत्राच्या साहाय्याने ओढली जाते व दोन्ही बाजूंनी टेकू देऊन उभी केली जाते. जाळी, दोर, बॅटरी व इतर सामान उतरवून तळाला चिकटलेले शिंपले व शेवाळ खरवडतात. समुद्राच्या पाण्यावर थंड होणारे इंजिन गोड्या पाण्याने धुतात. शेवटी बांबूंचा सांगाडा उभारून त्यावर नारळाची झापे किंवा ताडपत्री घट्ट बांधतात. मोठ्या नौका अनेकदा खाडीच्या आतील सुरक्षित भागात नांगरून ठेवल्या जातात.

आच्छादनाचे महत्त्व

लाकडी नौकेला पाण्यात असताना लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांचा धोका असतो. किनाऱ्यावर तो टळतो. तेथे खरा शत्रू पावसाचे पाणी असते. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही, परंतु गोडे पाणी तळाशी व सांध्यांत साचल्यास ती झपाट्याने पसरते. म्हणून आच्छादन उतरते ठेवतात, तळाचे छिद्र उघडे ठेवून पाण्यास वाट करून देतात आणि हवा खेळण्यासाठी दोन्ही टोके मोकळी सोडतात. पूर्णतः बंद केलेल्या ताडपत्रीखाली दमट हवा कोंडून लाकूड कुजण्याची शक्यता वाढते.

पुन्हा समुद्रात

बंदीच्या काळात जाळ्यांची दुरुस्ती केली जाते. त्यानंतर आच्छादन काढून सांधे तपासतात व रंगकाम करतात. श्रावणातील नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो. परंपरेने नवा हंगाम याच दिवसापासून सुरू झाल्याचे मानले जाते.