एक जाळी, अनेक धनी : अमेरिकेतील मुलींच्या क्लब व्हॉलीबॉलचा इतिहास

#थ्रेड #क्रीडेतिहास

१९९५ साली अमेरिकेतील व्हॉलीबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने शिकागो परिसरातील एका नामांकित प्रशिक्षकास बहिष्कृत केले. १९८०च्या दशकात त्याच्या हाताखाली घडलेल्या खेळाडूंनी लैंगिक शोषणाच्या तक्रारी केल्या होत्या. त्याने आरोप नाकारले. चौकशी समितीने तक्रारी ग्राह्य धरल्या. असे असूनही त्याचा क्लब बंद पडला नाही. त्याचे संघ खेळत राहिले, जिंकत राहिले, आणि पालक आपल्या मुली तेथे पाठवीत राहिले.

बहिष्कार घातलेला मनुष्य त्याच खेळात उजळ माथ्याने वावरू कसा शकला? उत्तरासाठी या खेळाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

१८९५. मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक हे गाव. तेथील वायएमसीएचा व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन याच्याकडे मध्यमवयीन व्यापारी व्यायामास येत. नुकताच निघालेला बास्केटबॉल त्यांना झेपेना. मॉर्गनने ६ फूट ६ इंच उंचीवर जाळी बांधली आणि अंगाला अंग न लागता खेळता येईल असा खेळ रचला. त्याने ठेवलेले नाव ‘मिंटोनेट’. ते फार काळ टिकले नाही, हे बरेच झाले.

वायएमसीए जिथे गेली तिथे खेळ गेला. भारतातही तो त्याच वाटेने आला. नियमांची पहिली पुस्तिका वायएमसीएची, १९२२ची ब्रुकलिनमधील पहिली राष्ट्रीय स्पर्धाही तिचीच. १९२८ साली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच आजची ‘यूएसए व्हॉलीबॉल’. तोवर हा प्रामुख्याने प्रौढांचा विरंगुळा होता. शाळकरी मुलींच्या स्पर्धांचा कारभार कोणी पाहावा, हा प्रश्नच कोणाच्या मनात आला नव्हता.

तो प्रश्न एका कायद्याने उभा केला. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या शिक्षणविषयक कायद्यातील ‘टायटल नाइन’ या प्रकरणाने सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई केली. त्यात खेळाचा उल्लेखही नव्हता. परिणाम मात्र मैदानावर दिसला. १९७१-७२मध्ये माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली सुमारे २ लाख ९४ हजार होत्या. १९७७-७८पर्यंत त्या २० लाखांवर गेल्या. विद्यापीठांना महिला संघ उभारावे लागले आणि त्याबरोबर शिष्यवृत्त्याही आल्या.

शाळेचा व्हॉलीबॉल हंगाम बहुतेक राज्यांत शरद ऋतूपुरता. उरलेले महिने क्लबांनी व्यापले. क्लब म्हणजे खासगी संस्था : पालकांनी शुल्क भरायचे, प्रशिक्षक क्लबचालकाने नेमायचे, आणि आठवड्याच्या शेवटी एखाद्या भव्य प्रदर्शनगृहात ओळीने आखलेल्या मैदानांवर सामने. विद्यापीठांचे प्रशिक्षक खेळाडू हेरण्यास तेथेच येत. साहजिकच शिष्यवृत्तीचा रस्ता क्लबच्या दारातून जाऊ लागला, आणि त्या दाराची किल्ली प्रशिक्षकाच्या हाती राहिली. तक्रार करू पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता कारभाराची बाजू. १८८८ साली स्थापन झालेली ‘अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन’ (एएयू) अनेक दशके अमेरिकेतील हौशी खेळांची जणू सार्वभौम सत्ता होती. विद्यापीठांच्या संघटनेशी तिचे हाडवैर; त्या भांडणात खेळाडू भरडले जात. अखेर १९७८च्या ‘अमॅच्युअर स्पोर्ट्स अ‍ॅक्ट’ने प्रत्येक ऑलिंपिक खेळास एकच राष्ट्रीय शिखर संस्था असावी असे ठरवले. व्हॉलीबॉलमध्ये तो मान आजच्या यूएसए व्हॉलीबॉलकडे राहिला.

परंतु या कायद्याचे सारे लक्ष ऑलिंपिककडे होते. देशाचा संघ कोण निवडणार, याचे उत्तर त्याने दिले. गावोगावच्या क्लबांनी कोणाच्या स्पर्धेत खेळावे, याविषयी सक्ती केली नाही. अधिकार गमावलेल्या एएयूने युवा स्पर्धांवर लक्ष केंद्रित केले. ऑरलँडो येथील तिचा मुलींचा व्हॉलीबॉल मेळा पुढे हजारो संघांचा झाला. नव्या शतकात क्लबचालकांनी ‘ज्युनियर व्हॉलीबॉल असोसिएशन’ ही स्वतःची संघटनाही काढली. पैसा आम्ही आणतो, जोखीम आम्ही घेतो, मग निर्णयात आमचा आवाज का नसावा, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता.

या चढाओढीचे लाभ नाकारता येणार नाहीत. संघ आपल्याकडे यावेत म्हणून प्रत्येक संघटनेस स्पर्धा नेटकी भरवावी लागली. बलाढ्य संघाने नवख्यांना धुवून काढू नये म्हणून एकाच वयोगटात कुवतीनुसार अनेक श्रेण्या आल्या. (त्यामुळे एकाच वयोगटात अनेक ‘राष्ट्रीय विजेते’ होऊ लागले, यावर जुने जाणते आजही हसतात.) अकरा-बारा वर्षांच्या मुलींसाठी जाळी २.२४ मीटरवरून सुमारे २.१३ मीटरवर आली.

सर्वांत सुंदर प्रथा पंचगिरीची. चार संघांच्या गटात दोन संघ खेळतात, एक विश्रांती घेतो, आणि चौथ्याच्या मुली गुणलेखक, रेषापंच, दुय्यम पंच म्हणून उभ्या राहतात. ज्यांच्याशी तासाभरात झुंजायचे, त्यांचाच न्याय आधी करायचा! चौदा वर्षांच्या मुलींकडून हा खेळ जी निःस्पृहता मागतो, ती संघटनांनी आपसांत दाखवली असती तर पुढचा इतिहास निराळा झाला असता.

कारण बाजारपेठ आली की शिक्षेचीही बाजारपेठ होते. एका संघटनेने दार लावले तर दुसरीचे उघडे असे. शिकागोच्या त्या प्रशिक्षकाच्या बाबतीत हेच घडले. त्याचे संघ एएयूच्या स्पर्धांत खेळत राहिले. २००० साली यूएसए व्हॉलीबॉलनेही बहिष्कार अंशतः शिथिल केला. तक्रारदार स्त्रिया चाळिशी-पन्नाशीत पोचल्या तरी पाठपुरावा करीत होत्या. हा विलंब केवळ पुराव्याच्या अभावाचा म्हणता येत नाही; चौकशीचा निष्कर्ष १९९५पासून कागदावर होता.

वळण आले ते जिम्नॅस्टिक्समधील प्रकरणांनी देश हादरल्यावर. मार्च २०१७मध्ये डेन्व्हर येथे ‘यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्ट’ सुरू झाले. जानेवारी २०१८मध्ये यूएसए व्हॉलीबॉलने त्या प्रशिक्षकावर आजन्म बंदी घातली, आणि त्याच वर्षी एएयूनेही. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘सेफ स्पोर्ट’ कायदा झाला. अल्पवयीन खेळाडूच्या शोषणाचा संशय आल्यास २४ तासांत शासकीय यंत्रणेस कळवणे संबंधित प्रौढांवर बंधनकारक झाले. हे बंधन ऑलिंपिक संस्थांपुरते न राहता आंतरराज्य स्पर्धांत भाग घेणाऱ्या हौशी क्रीडासंस्थांनाही लागू करण्यात आले. १९७८च्या कायद्याने मोकळी सोडलेली जागा भरू लागायला चाळीस वर्षे लागली.

सेफस्पोर्टने कारवाई केलेल्यांची यादी आज कोणताही पालक घरबसल्या पाहू शकतो. संघटना मात्र अजूनही वेगवेगळ्याच आहेत. उन्हाळ्यात एकच संघ आधी ऑरलँडोस एएयूचे आणि मग यूएसए व्हॉलीबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद खेळतो, आणि त्यातील प्रत्येक मुलीची नोंदणी दोन्हीकडे वेगळी करावी लागते.