पारा आणि आपले आरोग्य: मिनामाता करार तुमच्या घरापर्यंत कसा पोहोचतो?

पारा हा नेहमीच्या तापमानाला द्रवरूप राहणारा एकमेव धातू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत चिंताजनक ठरवलेल्या दहा रसायनांमध्ये त्याचा समावेश होतो. पाऱ्याचा धोका म्हटला की बहुतेकांना फुटलेला थर्मामीटर आठवतो. पण आज आपल्याकडे पाऱ्यामुळे किडनीचे विकार झालेले काही रुग्ण आढळतात, त्यांचा थर्मामीटरशी काहीच संबंध नसतो. त्यांनी चेहरा उजळ व्हावा म्हणून काही महिने एखादे क्रीम लावलेले असते.

हे क्रीम एका देशात तयार होते, दुसऱ्या देशातून विकले जाते आणि कुरिअरने किंवा कुणाच्या सामानातून तुमच्या घरी येते. त्यामुळे पाऱ्याचा बंदोबस्त एकट्या देशाला करता येत नाही. त्यासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार कोणता, त्याने काय साध्य झाले आणि घरात तुम्ही कोणती काळजी घ्यायची, हे या लेखात समजून घेऊ.

पाऱ्याचे तीन प्रकार

पारा कोणत्या रूपात शरीरात जातो, यावर त्याचे दुष्परिणाम अवलंबून असतात.

• धातुरूप पारा: थर्मामीटर आणि जुन्या रक्तदाबमापक यंत्रातला चकाकणारा पारा. तो गिळला गेला तर आतड्यातून फारसा शोषला जात नाही आणि शौचावाटे बाहेर पडतो. त्याची वाफ मात्र धोकादायक असते. श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसांतून रक्तात जातो. या वाफेला रंग किंवा वास नसतो.

• असेंद्रिय पारा: पाऱ्याचे क्षार. काही फेअरनेस क्रीम आणि साबणांमध्ये हेच असतात. ते त्वचेतून शोषले जातात आणि मुख्यतः किडनीला इजा करतात.

• सेंद्रिय पारा: यात मिथाइल मर्क्युरी सर्वांत महत्त्वाचे. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचे जिवाणू मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात. लहान मासे ते शोषतात, मोठे मासे लहान माशांना खातात आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. ते मेंदूवर आणि गर्भातील बाळाच्या मज्जासंस्थेवर परिणाम करते.

जगाला धडा देणाऱ्या दोन घटना

मिनामाता, जपान: मिनामाता या किनारी गावातील एका रसायन कारखान्याचे सांडपाणी १९३२ पासून खाडीत सोडले जात होते. त्यात मिथाइल मर्क्युरी होते. खाडीतले मासे खाणाऱ्या मांजरांना आधी झटके येऊ लागले. मग माणसांमध्ये हातापायांना बधिरपणा, तोल जाणे, दिसण्याचा आवाका कमी होणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसू लागली. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली आणि १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. तरीही हे सांडपाणी १९६८ पर्यंत चालूच राहिले. दोन हजारांहून अधिक लोकांना या आजाराचे रुग्ण म्हणून सरकारी मान्यता मिळाली. ज्या मातांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्माला आली. वार विषाला अडवते, ही समजूत इथे खोटी ठरली.

इराक: १९७१ साली इराकमध्ये परदेशातून गहू आणि जवाचे बियाणे आले. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल मर्क्युरी चोळलेले होते. पोत्यांवर सूचना होत्या, पण परक्या भाषेत. धोका लक्षात यावा म्हणून बियाण्याला रंग दिलेला होता. धुतल्यावर रंग गेला, विष तसेच राहिले. अनेक ग्रामीण कुटुंबांनी त्या धान्याच्या भाकऱ्या केल्या. लक्षणे काही आठवड्यांनी दिसू लागली, तोपर्यंत पुष्कळ विष पोटात गेले होते. ६,५३० रुग्ण रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ जण दगावले.

पहिल्या घटनेत विष गावातच तयार झाले होते, दुसऱ्या घटनेत ते दुसऱ्या देशातून आले होते. दोन्हींमध्ये एक गोष्ट समान होती: ज्यांच्या पोटात विष गेले, त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचली नाही.

कोणता करार काय करतो?

रसायनांबाबतचे आंतरराष्ट्रीय करार या उणिवा भरून काढण्यासाठी टप्प्याटप्प्याने झाले.

• बाझल करार (१९८९): घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्यावर नियंत्रण.

• रॉटरडॅम करार (१९९८): यादीतील घातक रसायने पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाला माहिती देऊन त्याची संमती घेणे. कीटकनाशक म्हणून वापरली जाणारी पाऱ्याची संयुगे या यादीत आहेत.

• रसायनांच्या लेबलांची समान जागतिक पद्धत (२००३ पासून): कोणतीही भाषा बोलणाऱ्या माणसाला कळतील अशी चित्रे. लाल किनारीच्या चौकटीत कवटी असेल तर तीव्र विष. माणसाच्या छातीवर चांदणीसारखी खूण असेल तर शरीरातील अवयवांना दीर्घकाळ इजा करू शकणारे रसायन.

• मिनामाता करार (२०१३): खास पाऱ्यासाठी. १६ ऑगस्ट २०१७ पासून तो लागू झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. आज १५० हून अधिक देश त्यात आहेत.

मिनामाता कराराने पाऱ्याच्या नव्या खाणींवर बंदी घातली. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबमापक यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्यासाठी २०२० ही मुदत ठरली. काही देशांनी ती वाढवून घेतली. ट्यूबलाइटसाठी २०२७ पर्यंतची मुदत आहे. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे छोट्या प्रमाणावर चालणारे सोन्याचे खाणकाम. त्याखालोखाल कोळसा जाळण्याचा क्रमांक लागतो. हवेत गेलेला पारा वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर प्रवास करतो. म्हणून या दोन्हींबाबतही करारात तरतुदी आहेत.

सौंदर्यप्रसाधनांत पाऱ्याचे प्रमाण दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे १ पीपीएमपेक्षा जास्त नको, असा नियम आधी होता. २०२३ मध्ये जिनिव्हात झालेल्या बैठकीत ही सूटही काढून टाकण्याचे ठरले. २०२५ नंतर पारा मिसळलेली कोणतीही प्रसाधने बनवायची किंवा आयात-निर्यात करायची नाहीत.

मग अशी क्रीम अजून मिळतात कशी?

कायदा कारखान्याला आणि अधिकृत आयातदाराला बांधतो. बिनबिलाच्या मालापर्यंत, समाजमाध्यमांवरून चालणाऱ्या विक्रीपर्यंत आणि ब्युटी पार्लरमध्ये डबीत भरून दिल्या जाणाऱ्या क्रीमपर्यंत तो सहज पोहोचत नाही. पारा त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, त्यामुळे थोड्याच दिवसांत फरक दिसतो. स्वस्त आणि झटपट गुण देणारे म्हणून अशा क्रीमची तोंडोतोंडी जाहिरात होते.

केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या किडनीतज्ज्ञांनी २०२४ मध्ये 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात आपली निरीक्षणे मांडली. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या किडनीविकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांपैकी १५ जणांमध्ये या आजाराचा एरवी क्वचित आढळणारा प्रकार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जण फेअरनेस क्रीम वापरत होते. दिलासा देणारी गोष्ट अशी की, क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली. म्हणून कारण लवकर ओळखणे फार महत्त्वाचे आहे.

क्रीम कसे ओळखाल?

• घटकांमध्ये मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल किंवा अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही लिहिलेले असणे.
• सोने, चांदी, अॅल्युमिनियम किंवा रबर यांच्याशी संपर्क टाळा, अशी सूचना असणे.
• घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, आयातदाराचे नाव किंवा बॅच क्रमांक नसणे.
• आठवडाभरात गोरेपणाची हमी.

यांपैकी काहीच दिसले नाही म्हणून क्रीम सुरक्षित असेलच असे नाही. घटक लपवलेलेही असू शकतात. खात्री नसेल तर वापरू नका. क्रीम लावणाऱ्याच्या त्वचेतून, टॉवेलमधून आणि उशीच्या अभ्र्यातून घरातील लहान मुलांनाही पाऱ्याची बाधा होऊ शकते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

असे क्रीम वापरले असेल आणि पुढीलपैकी काही त्रास होत असेल, तर ते लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा:

• पायांवर, डोळ्यांभोवती सूज
• लघवीला फेस येणे
• रक्तदाब वाढणे
• हात थरथरणे, बोटांना मुंग्या येणे
• झोप न लागणे, चिडचिड, विसरभोळेपणा

जाताना क्रीमची डबी सोबत न्या. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. लघवीतील प्रथिने आणि लघवीतील पाऱ्याचे प्रमाण या तपासण्या इथे उपयोगी पडतात. माशांमधून गेलेला पारा शोधायचा असेल तर रक्ततपासणी करतात. शरीरातून पारा बाहेर काढणारी औषधे उपलब्ध आहेत, पण ती प्रत्येकाला लागत नाहीत आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. काही रसौषधींमध्येही पारा असतो. अशी औषधे परस्पर दुकानातून आणून घेऊ नका आणि घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांपासून लपवू नका.

थर्मामीटर फुटला तर काय करावे?

१. मुलांना आणि गर्भवती स्त्रीला दुसऱ्या खोलीत न्या. खिडक्या उघडा, पंखा आणि एसी बंद करा.
२. हातातल्या अंगठ्या, बांगड्या काढा. पारा सोन्याला चिकटतो. हातमोजे घाला.
३. दोन जाड कागदांनी गोळ्या एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरा. बारीक गोळ्या बॅटरीच्या उजेडात चकाकतात. त्या चिकटपट्टीने उचला.
४. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. त्याने गोळ्या विखुरतात आणि वाफ वाढते.
५. पारा बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका. फुटलेला थर्मामीटर हा घरगुती घातक कचरा आहे. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्या.
६. खोलीत काही तास वारा खेळू द्या.

मुलाने पारा गिळला असेल तर घाबरू नका, उलटी करवू नका. काच गिळली असल्याची शंका असेल, तोंडातून रक्त येत असेल किंवा खोकला, धाप लागत असेल तर मात्र लगेच रुग्णालयात न्या. नवा थर्मामीटर घेताना डिजिटल घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गरोदरपणात मासे बंद करावेत का?
नाही. मासे हा प्रथिनांचा आणि ओमेगा-३ चा चांगला स्रोत आहे. बांगडा, तारली यांसारखे लहान मासे निवडा. मुशी, म्हणजे शार्क, आणि मोठा कुपा, म्हणजे ट्यूना, अशा मोठ्या शिकारी माशांमध्ये पारा जास्त असू शकतो. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना मुशी टाळा आणि मोठा कुपा क्वचितच खा.

दातांत चांदी भरलेली आहे, ती काढून घ्यावी का?
या मिश्रणात साधारण निम्मा पारा असतो. पण भरलेली चांदी सुस्थितीत असेल तर ती उगाच काढू नये, कारण काढताना वाफ जास्त बाहेर पडते. १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यात नव्याने चांदी भरणे टाळावे, असे कराराच्या २०२२ मधील बैठकीत ठरले आहे.

लसींमध्ये पारा असतो, हे खरे का?
काही लसींच्या अनेक डोसांच्या बाटल्यांमध्ये थायोमर्सल हे परिरक्षक अत्यल्प प्रमाणात असते. त्यातून तयार होणारे इथाइल मर्क्युरी शरीरातून लवकर बाहेर पडते, ते मिथाइल मर्क्युरीसारखे साठत नाही. जागतिक आरोग्य संघटना ते सुरक्षित मानते आणि मिनामाता करारानेही अशा लसींना बंदीतून वगळले आहे. या भीतीने बाळाची लस चुकवू नका.

लक्षात ठेवा

मिनामातामध्ये आजाराची नोंद झाल्यापासून सांडपाणी थांबेपर्यंत बारा वर्षे गेली. आंतरराष्ट्रीय करारांमुळे आता एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाच्या नियमांत लवकर उतरू शकतो. पण तुमच्या कपाटातली डबी कोणताही अधिकारी येऊन तपासणार नाही. आज घरातील क्रीमच्या डब्यांवरचे घटक वाचा. ज्यावर काहीच लिहिलेले नाही, ते क्रीम आजपासून बंद करा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासणी आणि उपचारांसाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)