जर्मनीतील संशोधनाच्या जागा : शिष्यवृत्तीखेरीज आणखी एक वाट

बाबासाहेबांनी १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. आज मात्र परदेशी शिक्षण म्हटले की आपली मुले शिष्यवृत्तीच्या यादीकडेच डोळे लावून बसतात. जर्मनीत पीएच.डी. ही अनेकदा पगारी नोकरी असते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. विद्यापीठ रीतसर जाहिरात काढते. निवड झाल्यास शासकीय 'ई १३' श्रेणीत, बहुधा अर्धवेळ ते पाऊणवेळ पगार आणि आरोग्यविमा मिळतो. करार मुदतीचाच असतो, पीएच.डी.पूर्वी सहा वर्षे व नंतर सहा, ही तिथल्या कायद्याची सर्वसाधारण मर्यादा.

प्राध्यापकपदे 'डब्ल्यू १' ते 'डब्ल्यू ३' अशी असतात. नव्याने पीएच.डी. झालेल्यांसाठी 'डब्ल्यू १', म्हणजे कनिष्ठ प्राध्यापक. जातीवर आधारित आरक्षण तिथे नाही. समान पात्रता असल्यास अपंगांना प्राधान्य, असे जाहिरातीत लिहिलेले असते.

पाली-बौद्ध अध्ययन केलेल्यांनी हॅम्बुर्ग, म्युनिक, हायडेलबर्ग येथील जाहिराती नियमित पाहाव्यात. एकच अर्ज सगळीकडे पाठवू नका. जाहिरातीतला प्रकल्प वाचून आपला विषय त्याच्याशी कसा जुळतो ते लिहा, आणि गुणपत्रिकांच्या इंग्रजी प्रती आजच तयार ठेवा.