तार लावली, दिवा पेटला, तरी नेटवर्क नाही : लिनक्स आणि वायर्ड नेटवर्क कार्डाचा इतिहास

लिनक्सवर नेटवर्क चालत नसेल तर काय तपासायचे, याची एक ठरलेली क्रमवारी तुम्हाला प्रयोगवहीत मिळते: कार्ड दिसते का, ड्रायव्हर लागला का, जोडणी उभी आहे का, इंटरफेसचे नाव काय, पत्ता मिळाला का. ही क्रमवारी बहुतेक जण पाठ करतात आणि पहिल्याच अडचणीला विसरतात. ती लक्षात राहत नाही, कारण ती अशीच का हे कोणी सांगत नाही. खरे तर यातली जवळजवळ प्रत्येक पायरी कोणत्या तरी जुन्या बिघाडातून आली आहे. ते बिघाड माहीत असले की क्रम पाठ करावा लागत नाही.

इथरनेटची सुरुवात १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्याकडून झाली, हे तुम्ही वाचलेले असेल. आपल्या कामाची गोष्ट मात्र १९८०च्या दशकाच्या शेवटी सुरू होते. तेव्हा नॉव्हेल कंपनीने एनई२००० हे कार्ड बाजारात आणले. नॅशनल सेमीकंडक्टरच्या डीपी८३९० या चिपभोवती बांधलेले हे साधे कार्ड इतके नक्कल झाले, की 'एनई२००० कंपॅटिबल' हा शब्द उत्पादनाचे नाव न राहता जातीचे नाव झाला.

हे आयएसए बसवरचे कार्ड होते, आणि आयएसए बसवरचे कार्ड स्वतःची ओळख देत नसे. आपण कोण आणि कोणत्या पोर्टवर बसलो आहोत हे संगणकाला सांगायची सोयच नव्हती. कार्डावरचे छोटे जंपर हलवून पोर्टचा पत्ता आणि इंटरप्टचा क्रमांक ठरवायचा आणि तोच ड्रायव्हरला सांगायचा. कारखान्यातून कार्ड येई ते सोळामानातल्या ३०० या पोर्टवर आणि इंटरप्ट ३ वर. आता हा इंटरप्ट ३ दुसऱ्या सिरियल पोर्टचाही. म्हणजे डायल-अप मोडेम त्या पोर्टवर असेल तर मोडेम आणि नेटवर्क कार्ड एकमेकांच्या पायात पाय घालणार. दोन्ही सुटे सुटे चालतात, एकत्र चालत नाहीत! असा बिघाड शोधताना कार्ड बदलून काही होत नाही, कारण कार्ड निर्दोष असते.

लिनक्समधला एनई२०००चा ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिला. त्या फाइलच्या माथ्यावर १९९३ सालचा स्वामित्वहक्क अमेरिकेच्या सरकारचा, राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संचालकांमार्फत, असे लिहिलेले आहे, आणि लगेच खाली जीपीएल परवाना. मुक्त स्रोताचा इतिहास फक्त गॅरेजमधल्या हौशी मुलांचा मानणाऱ्यांनी ती ओळ एकदा पाहावी. पुढे बेकर नासाच्या गोडार्ड केंद्रात गेले. तिथे १९९४ साली टॉमस स्टर्लिंग यांच्यासह त्यांनी १६ साध्या ४८६ संगणकांचा बेओवुल्फ हा समूह उभारला. त्या यंत्रांना एक इथरनेट तार अपुरी पडे, म्हणून एकाहून अधिक कार्डे एकत्र जुंपण्याचे कामही त्यांनी केले. लिनक्सच्या सुरुवातीच्या नेटवर्क ड्रायव्हरांपैकी फार मोठा वाटा या एका माणसाचा आहे.

बेकर यांच्या ड्रायव्हरमध्ये एक गंमत आहे. कार्ड खरेच एनई२००० आहे का हे ओळखण्यासाठी तो कार्डावरच्या स्मृतीतले दोन बाइट वाचतो. दोन्ही सोळामानातले ५७ असले पाहिजेत. स्वस्तातल्या काही नकलांमध्ये हे बाइटच नसत. मग ड्रायव्हरमध्ये 'वाईट नकलां'ची एक यादी ठेवावी लागली. शिवाय कार्ड शोधण्यासाठी कोणत्याही पोर्टवर वाचालिहायला जाणे धोक्याचे, कारण तिथे दुसरेच उपकरण बसलेले असेल तर यंत्र गोठते. म्हणून मॉड्यूल चढवताना पोर्टचा पत्ता तुम्हीच द्या, असा ड्रायव्हरचा आग्रह असे.

हे सगळे आपल्याकडे पोहोचले कसे? आयआयएससी हे अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातल्या पहिल्या संस्थांपैकी एक, पण सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्हीएसएनएलच्या टेलिफोन तारेवरून. त्या तारेवर लिनक्स उतरवून घेणे म्हणजे चमच्याने विहीर उपसणे. शिवाय नेटवर्कचा ड्रायव्हर नेटवर्कवरूनच आणायचा, हा पेच होताच (आजही असतो). तो सोडवला एका मासिकाने. १९९६ साली पीसीक्वेस्टने वाचकांना सीडीवर लिनक्स द्यायला सुरुवात केली, आणि त्यामागे मुख्य जोर होता बेंगळुरूच्या अतुल चिटणीस यांचा. आडनावावरून तुम्ही ओळखले असेल. जन्म बर्लिनचा, अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावचे, कर्मभूमी बेंगळुरू. पुढे २००१ पासून लिनक्स बेंगळुरू आणि २००५ पासून फॉस डॉट इन या परिषदा त्यांच्या पुढाकाराने भरल्या. देशभरातली मुले कर्नल लिहिणाऱ्या माणसांना समोरासमोर भेटली ती तिथे. २०१३ साली त्यांचे निधन झाले. माझ्या पिढीतल्या अनेकांनी पहिला ड्रायव्हर चढवला तो त्या सीडीवरून. नेमका तोच ड्रायव्हर सीडीवर नसला, की पुढचा महिना वाट पाहण्यात जाई.

१९९२ साली इंटेलने पीसीआय बस जाहीर केली आणि निदानाची पहिली पायरी बदलली. पीसीआय कार्ड स्वतःची ओळख सांगते: एक क्रमांक निर्मात्याचा, एक उपकरणाचा. इंटेलचा निर्माता क्रमांक ८०८६ आहे, ही त्यांची हौस. रिअलटेकचा १०ईसी. तुम्ही 'एलएसपीसीआय' ही आज्ञा '-एनएनके' या पर्यायासह देता (टंकताना अर्थात इंग्रजी अक्षरांत), तेव्हा हेच क्रमांक आणि त्यांना लागलेला ड्रायव्हर दिसतो. इथे कार्डच दिसत नसेल तर पुढच्या सगळ्या आज्ञा व्यर्थ. कार्ड दिसते पण ड्रायव्हरची ओळ नाही, तर दोष तारेत शोधू नका.

क्रमांकावर विश्वास ठेवा, खोक्यावर नाही, हे शिकवणारे उत्तम उदाहरण डी-लिंकचे आहे. या कंपनीच्या भारतीय शाखेची नोंदणीकृत कचेरी गोव्यात, वेर्णा औद्योगिक वसाहतीत. तिची दोन कार्डे होती: डीएफई-५३०टीएक्स आणि डीएफई-५३०टीएक्स+. फरक एका अधिक चिन्हाचा. पहिल्यात व्हिया कंपनीची ऱ्हाइन चिप, दुसऱ्यात रिअलटेक ८१३९ जातीची. ड्रायव्हर पूर्ण वेगळे! एस. पी. रोडवरच्या दुकानात खोके न घेता सुटे कार्ड आणले, तर ते अधिक चिन्ह कुठे शोधणार?

त्या रिअलटेक ८१३९बद्दल दोन शब्द, कारण एका काळी स्वस्त संगणकात तीच असे. ती पाकिटे पाठवायला फक्त चार जागा देई, आणि आलेली सगळी पाकिटे एकाच सलग बफरमध्ये ओती. तिथून ती उचलून प्रत करायचे काम प्रोसेसरचे. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी कोडच्या टिप्पणीत या चिपच्या हलक्या दर्जावर भरपूर तोंडसुख घेतले आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. शंभर-दोनशे रुपये वाचवणाऱ्या महाविद्यालयांत नेटवर्कच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्या याच चिपवर. शिवाय तिच्या उणिवा ड्रायव्हरच्या मजकुरात उघड लिहिलेल्या असल्याने ती शिकवायलाही चांगली आहे.

आता तारेकडे. १९९५ च्या १०० मेगाबिट मानकाबरोबर दोन टोकांनी वेग आपापसांत ठरवण्याची पद्धत आली. यातली मेख अशी: एका टोकाला वेग आणि फुल डुप्लेक्स हाताने पक्के केले आणि दुसरे स्वयंचलित ठेवले, तर दुसऱ्याला वेग कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, आणि नियमानुसार ते हाफ डुप्लेक्स धरते. पिंग चालते. दिवा पेटतो. मोठी फाइल पाठवली की वेग कोसळतो आणि त्रुटींचे आकडे चढू लागतात. अशा वेळी 'ईथटूल' ही आज्ञा इंटरफेसच्या नावासह द्या आणि वेग व डुप्लेक्स या ओळी दोन्ही टोकांना वाचा. दुसरी गोष्ट, १०० मेगाबिटला तारेतल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. चौथी, पाचवी, सातवी, आठवी यांपैकी एक वायर सुटली असेल, तर जुन्या यंत्राला उत्तम चालणारी तार नव्या यंत्राला लंगडी पडते.

नावांचा गोंधळ थोडक्यात सांगतो. पूर्वी जे कार्ड आधी सापडेल ते ईथ०. दोन कार्डे असली की क्रम कधी कसा लागेल याचा नेम नसे, म्हणून कार्डाच्या मॅक पत्त्याशी नाव बांधून फाइलीत लिहून ठेवायची पद्धत आली. तिचा फटका प्रयोगशाळांना बसला. एका यंत्राची डिस्क प्रत करून बाकीच्या यंत्रांवर चढवली, की जुन्या कार्डाचा पत्ताही सोबत येई. नव्या यंत्रातले कार्ड मग ईथ१ होई आणि ईथ०साठी लिहिलेली मांडणी त्याला लागत नसे. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीने बसवरच्या जागेवरून नावे द्यायला सुरुवात केली. तुम्हाला दिसणारे ईएनपी३एस० म्हणजे इथरनेट, पीसीआय बस ३, खाच ०. नाव कुरूप आहे, पण डिस्क प्रत केली तरी मॅक पत्ता सोबत ओढत नाही.

एक प्रकरण मात्र मी दर वर्षी सविस्तर शिकवतो. सप्टेंबर २००८. कर्नल २.६.२७ची तयारी चालू होती आणि उबंटू, ओपनसुसे, मँड्रिव्हा यांच्या चाचणी आवृत्त्यांत तो कर्नल होता. काही जणांची इंटेलची कार्डे अचानक मेली. ड्रायव्हर ई१०००ई. जुन्या कर्नलवर परत गेले तरी कार्ड जिवंत होईना, म्हणजे बिघाड सॉफ्टवेअरने केला पण राहिला हार्डवेअरमध्ये. कार्डाची मांडणी आणि मॅक पत्ता ज्या कायम स्मृतीत असतो, तीच खराब झाली होती. तिची बेरीज जुळत नाही असे सांगून ड्रायव्हर काम नाकारत होता. चाचणीसाठी स्वतःचे यंत्र देणाऱ्यांचे हे नुकसान होते.

संशय साहजिकच ई१०००ईवर. काहींचा ग्राफिक्सच्या भागावर. खरा दोषी निघाला एफट्रेस, म्हणजे कर्नलमधल्या फंक्शनांचा माग ठेवणारे साधन, ज्याचा नेटवर्कशी काहीच संबंध नाही! ते फंक्शनांच्या सुरुवातीचे पत्ते नोंदवून ठेवी आणि नंतर तिथली आज्ञा बदली. पण मॉड्यूलचा फक्त सुरुवातीला लागणारा भाग काम झाल्यावर स्मृतीतून सोडून दिला जातो. एफट्रेसकडे त्याचे जुने पत्ते तसेच राहिले. रिकाम्या झालेल्या त्या पत्त्यांवर नंतर कार्डाच्या कायम स्मृतीची खिडकी येऊन बसली. एफट्रेस आधी तुलना करी आणि जुळले तरच बदल करी, म्हणजे वरवर सुरक्षित. मात्र एक्स८६ प्रोसेसरवर तुलना करून बदलणारी ती आज्ञा तुलना फसली तरी जुनी किंमत परत लिहिते. साध्या स्मृतीत त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या बाबतीत तो लिहिण्याचा हुकूम ठरला.

दुरुस्ती दोन बाजूंनी झाली. ई१०००ईने ती स्मृती लिहिण्यापासून कुलूपबंद केली, आणि २.६.२७.१ या आवृत्तीत एफट्रेसचा तो भाग बंद करण्यात आला. ज्यांच्याकडे स्मृतीची आधीची प्रत होती त्यांना ईथटूलने ती परत लिहिता आली: लहान ई हा पर्याय वाचतो, मोठी ई लिहितो. या दोन अक्षरांत गल्लत करू नका. एफट्रेसचा आणि ड्रायव्हरचा, दोन्हींचा मजकूर उघडा होता, म्हणून नेटवर्कवाले आणि मागोवा-साधनवाले एकाच बिघाडावर बसू शकले. बंद ड्रायव्हर असता तर दोष शेवटपर्यंत कार्डावरच राहिला असता, असे मला वाटते.

उघडेपणाची सीमाही मग समजून घ्या. कित्येक कार्डांना ड्रायव्हरशिवाय फर्मवेअरची फाइल लागते, आणि ती कंपनीची, बंद. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या डेबियन ६ ने अशा फाइली कर्नलमधून वेगळ्या काढल्या. तत्त्व बरोबर, पण ब्रॉडकॉमच्या काही कार्डांचे सर्व्हर बसवताना मांडणीच अडे, कारण फाइल आणायला नेटवर्क हवे आणि नेटवर्कला फाइल. १९९६ चाच पेच! २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून वाट बदलली, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या फाइली अधिकृत संचात येतात. तुमच्या यंत्रावर फाइल नसेल तर 'डीमेसेज'मध्ये तिचे नाव स्पष्ट दिसते. ते नाव वहीत उतरवा आणि फाइल दुसऱ्या यंत्रावरून पेनड्राइव्हने आणा.

शेवटी वसतिगृहातल्या लॅपटॉपांसाठी. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या यंत्रावर रिअलटेकचे कार्ड लिनक्समध्ये दिसते, ड्रायव्हरही लागतो, पण जोडणी उभी राहत नाही, असे झाले तर आधी विंडोजने ते बंद होताना झोपवून तर ठेवले नाही ना, ते पाहा. नुसते रीस्टार्ट करू नका. यंत्र पूर्ण बंद करा, चार्जर काढा, जमल्यास बॅटरीही, अर्धा मिनिट थांबा आणि थेट लिनक्समध्ये चालू करा. एवढ्याने जोडणी आली, तर विंडोजमधल्या त्या कार्डाच्या मांडणीत 'वेक ऑन लॅन'ची निवड तपासा.