खोक्यांतून घडलेले घरसामान

व्यापाराचा इतिहास लिहिणारे मालाची, जकातीची आणि गलबतांची नोंद काळजीपूर्वक ठेवतात. परंतु ज्या लाकडी खोक्याने तो माल शाबूत मुक्कामी पोचविला, त्याचे पुढे काय झाले याची दखल सहसा कोणी घेत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाड्या व आगबोटी यांतून साबण, बिस्किटे, डबाबंद अन्न असा नाना प्रकारचा जिन्नस दूरदूर रवाना होऊ लागला, तेव्हा हलक्या लाकडाची ही खोकी दुकानांच्या पिछाडीस साचू लागली आणि बहुतेक चुलीच्या वाटेने गेली. त्यांना घरात मानाचे स्थान देण्याची रीत ज्यांनी शास्त्रशुद्धपणे लिहून काढली, त्यांत लुईझ ब्रिगहॅम या अमेरिकन बाईंचे नाव मला अग्रभागी घ्यावेसे वाटते.

शहरांतील दरिद्री वस्त्यांत जाऊन राहावे व तेथील स्थलांतरितांना संसारोपयोगी शिक्षण द्यावे, अशा सेवाकार्यात बाईंची उमेद खर्च झालेली होती. १९०६ च्या सुमारास त्या उत्तर ध्रुवाजवळील स्पिट्सबर्गेन बेटावर एका अमेरिकन कोळसा कंपनीच्या वसाहतीत पाहुण्या म्हणून गेल्या. ज्या भूमीवर फळी कापण्याजोगा एकही वृक्ष उगवत नाही आणि सुईपासून पिठापर्यंत सारा सरंजाम जहाजाने आणावा लागतो, तेथे रिकामे खोके हेच काय ते अरण्य! त्या अरण्यातून बाईंनी घरसामान निर्माण केले, आणि १९०९ साली न्यूयॉर्कच्या सेंच्युरी कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘बॉक्स फर्निचर’ या ग्रंथात शंभर उपयुक्त वस्तूंची कृती आकृत्यांसह दिली.

या कृतींचे मर्म असे की, मनात एक मेज कल्पून त्यासाठी लाकूड शोधावयाचे नाही, तर हाती आलेल्या खोक्याची लांबी, रुंदी व फळीची जाडी पाहून त्याच्यातून काय निघू शकेल, हे ठरवावयाचे. खोके फोडावयाचे नाही, उकलावयाचे. खिळे उपटून, ठोकून सरळ करून ठेवावयाचे. फळ्या घासून त्यांवर रंग चढवावयाचा. मुंबईच्या चाळीत देवदारी खोके आडवे टाकून त्यावर पुस्तके रचणाऱ्यांना किंवा उभे करून त्यात डबे मांडणाऱ्या गृहिणींना ही किफायत कोणी शिकवावी लागली नव्हती; परंतु नड म्हणून केलेल्या गोष्टीला प्रमाण, रेखीवपणा आणि रंगसंगती यांची जोड देता येते, आणि सौंदर्यावर गरिबाचाही हक्क आहे, हा बाईंचा आग्रह मात्र खास त्यांचा होता. न्यूयॉर्कमधील स्वतःचे बिऱ्हाडही त्यांनी अशाच सामानाने सजविले होते. पुढे त्याच शहरातील ग्रेसी मॅन्शन या १७९९ सालच्या जुन्या वाड्यात त्यांच्या ‘होम थ्रिफ्ट असोसिएशन’ने मुलांसाठी सुतारकामाची कार्यशाळा चालविली. नगराध्यक्षांचे निवासस्थान म्हणून आज प्रसिद्ध असलेल्या त्या वास्तूत एके काळी वस्तीतील मुले वाण्याची खोकी उकलीत बसत, ही गोष्ट त्या वाड्याच्या बखरीत ठळक अक्षरांनी लिहिली जावी.

पुढे खोक्यांचाच जमाना ओसरू लागला. पुठ्ठ्याच्या वेष्टनातील मालावर अमेरिकन रेल्वे कंपन्या अधिक भाडे आकारीत. १९१४ च्या प्रिडॅम खटल्यातील निवाड्याने हा भेदभाव रद्द ठरला आणि लाकडाची मक्तेदारी ढासळली.

त्यानंतर महामंदीच्या काळात, १९३४ साली, उट्रेख्टचे डच रचनाकार खेरिट रीटफेल्ट यांनी खोक्याच्या लाकडाची खुर्ची योजिली आणि ॲम्स्टरडॅमच्या मेट्स पेढीने ती ग्राहकाने घरी जोडावी अशा सुट्या फळ्यांच्या रूपात विकली, तेव्हा त्या फळ्या कोऱ्या होत्या. सुताराच्याच घरात जन्मलेल्या रीटफेल्ट यांचे म्हणणे असे की, मौल्यवान लाकडाचे सामान ज्या हलक्या खोक्यात घालून पाठवितात, त्याची सरळ, प्रयोजनाशी इमान राखणारी जोडणी ही स्वतंत्र सुतारविद्याच आहे. विचार मोठा खरा, आणि त्यांची कीर्तीही रास्त. तथापि त्यांची खुर्ची पेढीवर जाऊन विकत घ्यावी लागे, तर बाईंच्या शिष्यांना वाण्याकडून रिकामे खोके मागून आणणे पुरे होई, आणि फळीला फळी कशी धरते ते त्यांना खिळे उपटतानाच उमगत असे.