वारसा समितीच्या सल्ल्याचे वजन

उल्हासनगर कॅम्प ४ मधील घरांच्या पत्त्यात आजही ‘बराक क्रमांक’ लिहिला जातो. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी वसवलेल्या कल्याण छावणीतील बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची उल्हासनगर या नावाने पायाभरणी झाली. बहुतेक बराकींच्या जागी आता मजले चढले आहेत. पत्ता तेवढा उरला.

जवळच अंबरनाथचे शिवमंदिर (इ. स. १०६०) मात्र सुरक्षित आहे, कारण ते केंद्रसंरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास कायद्यानेच मनाई आहे. बराकींसारख्या वास्तूंना हे कवच मिळत नाही. त्यांच्यासाठी असते ती वारसा संवर्धन समिती.

या समितीचा नमुना मुंबईने घालून दिला. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली आणि सहाशेहून अधिक वास्तू व परिसर तीन श्रेणींत नोंदवले गेले. वास्तुविशारद, अभियंते, इतिहासाचे जाणकार अशा तज्ज्ञांची ही समिती परवानगी देत नाही. सूचीतील वास्तूत फेरबदल वा पाडकाम करायचे असल्यास प्रस्ताव तिच्यापुढे जातो, ती मत देते आणि निर्णय पालिका आयुक्त घेतात. मग अशा सल्ल्याला अर्थ काय? मेख नियमातच आहे. शिफारस डावलायची तर आयुक्तांना कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि हा अधिकार कनिष्ठ अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. कागदावरच्या या कारणांना न्यायालयात आव्हान देता येते, म्हणूनच सल्ला सहजासहजी फेटाळला जात नाही.

समितीची खरी मर्यादा सूची ही आहे. सूचीत नाव नसलेल्या वास्तूचे प्रकरण तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. नाव घालायचे तर हरकती-सूचना मागवून शासनाची मंजुरी लागते. २०१२ मध्ये मुंबईच्या नव्या प्रस्तावित सूचीत शिवाजी पार्क परिसर येताच रहिवाशांनी जोरदार विरोध केला. पुनर्विकास अडेल ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. दुरुस्तीचा खर्च अखेर मालकाच्याच माथी येतो. हस्तांतरणीय विकास हक्काची भरपाई नियमात आहे, पण ती मिळवण्याची वाट लांबची.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीतही वारसा संवर्धनाची तरतूद आहे. निर्वासितांनी घर म्हणून वापरलेली साधी बराक ‘ऐतिहासिक’ ठरते का, हा प्रश्न मात्र कुणीतरी आधी मांडावा लागतो, आणि तोही ती उभी असतानाच.