चित्रांतील दुष्टत्व : अजिंठ्याचा मार आणि ख्रिस्ती कलेतील सैतान

१९५६ पर्यंत बीदर आणि अजिंठा ही दोन्ही स्थळे हैदराबाद राज्यात होती. त्या राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांवर आणि बीदरच्या वास्तूंवरही ग्रंथ लिहिले. तेव्हा मन्नाएखेळ्ळीच्या परिसरातील वाचकांना हा विषय सर्वस्वी परका वाटू नये.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका भित्तिचित्रात, बुद्धावर माराने केलेली स्वारी रेखाटली आहे. ‘मार’ या शब्दाच्या मुळाशी मृत्यूच आहे. शस्त्रे उगारलेले विक्राळ सैनिक एकीकडे आणि मोहक स्त्रिया दुसरीकडे. मध्यभागी भूमीला हस्तस्पर्श करणारा बुद्ध अविचल बसला आहे. भय आणि लोभ एकाच सेनेत आहेत. अर्थात कुरूपता ही दुष्टत्वाची एकमेव खूण नव्हे, हे त्या चित्रकाराने ओळखले होते.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायातही परीक्षकाच्या रूपाचे वर्णन नाही. तो भाकरीविषयी बोलतो आणि शास्त्रवचनही उद्धृत करतो. सैतान तेजस्वी दूताचे सोंग घेतो, असे पौलानेही करिंथकरांस बजावले आहे. तथापि युरोपीय चित्रकारांनी त्याला शिंगे, नख्या आणि पंख दिले. मथियास ग्रूनेवाल्ड याने १५१२ ते १५१६ या काळात इझेनहाइमच्या मठासाठी केलेल्या वेदीचित्रांत संत अंतोनीवर पिशाच्चे तुटून पडतात. कोपऱ्यात फोडांनी भरलेला, पोट फुगलेला एक देह दिसतो. त्या मठात व्याधिग्रस्तांची शुश्रूषा होत असे. त्यांना तेथे आपल्याच वेदनांचे चित्र दिसले असावे.

परंतु हीच प्रतीके अन्यायाचीही साधने झाली. लुदोविको दी वार्तेमा याच्या प्रवासवर्णनाच्या १५१५ च्या जर्मन आवृत्तीत यॉर्ग ब्रॉय याने कालिकतच्या देवतेला शिंगे असलेला सैतान केले. त्याने हिंदुस्थान पाहिला नव्हता. त्याने आपल्याकडील नरकचित्रांचा साचा शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यावर बसविला.

या इतिहासाचा बोध आमच्या रविवारच्या शाळांतील चित्रांपर्यंत पोहोचतो. सैतान काळ्या वर्णाचा, किंवा शेजाऱ्याच्या दैवतासारखा रंगविला, तर मूल पापाचा द्वेष न शिकता माणसाचा द्वेष शिकते. आणि स्वतः सावळे असल्यास स्वतःचाही. दुष्टत्वाचे चित्र पाहणाऱ्याने त्यात प्रथम आपले भय व आपला लोभ ओळखावा. अजिंठ्याच्या त्या भिंतीकडून एवढे शिकण्यास आम्हांस संकोच वाटण्याचे कारण नाही.